पांझरेकाठचे नाना आणि मदेराचे पाट

जानेवारी उजाडला की आमच्या ऑफिसात एकच विषय असतो, कोण कुठल्या बेटावर चाललंय. इथे आयर्लंडात लिमरिकचं आभाळ महिनोन्महिने ओल्या घोंगडीसारखं डोक्यावर असतं, त्यामुळे माणसं उन्हासाठी कुठेही जायला तयार असतात. परवा नव्या टीममधल्या एकीनं सहज विचारलं, "मी मदेराला चाललेय. तिथे बघण्यासारखं काय आहे गं?" मी जी सुरू झाले ती पाऊण तास. तिची कॉफी गार झाली, एक मीटिंग बुडाली. शेवटी ती म्हणाली, "बापरे! तू किती वेळा गेलीयेस?"

"एकदाच," मी म्हटलं. "आणि ज्यांनी मला हे सगळं शिकवलं, ते एकदाही नाही."

ते म्हणजे नाना. माझ्या शेजारी राहणाऱ्या मनीषाचे वडील. मनीषा माझ्याच ऑफिसात, आणि आमच्या दोघींच्या घरांत भिंत एकच. नाना तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आले होते, सप्टेंबरात. बारीक अंगकाठी, पांढरा लेंगा, त्यावर जावयाचं ढगळ जॅकेट, आणि हातात कायम एक काठी. काठी आधाराला नव्हती, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. सकाळी ऑफिसला निघाले तर नाना भर पावसात रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून गटाराच्या जाळीतली पानं काठीनं उपसत होते.

"नाना, अहो भिजताय! कौन्सिलची माणसं येतात त्याला."

"येतीन तवा येतीन माय," ते मान वर न करता म्हणाले. "पानी आज उभं आहे."

तुंबलं होतं म्हणायचं तर ते 'उभं आहे' म्हणत. पाणी त्यांच्या बोलण्यात कायम काहीतरी करत असायचं. उभं राहायचं, रुसायचं, पळायचं. आणि त्यांचा कायमचा प्रश्न म्हणजे उतार. आमच्या गल्लीला उतार किती, सुपरमार्केटच्या पार्किंगला उतार किती, शॅनन नदीला इथे उतार किती. एकदा मी त्यांना हौसेनं किल्ला दाखवायला नेलं. नानांनी किल्ल्याकडे पाठ केली आणि अर्धा तास नदीकडे बघत उभे राहिले. मला असा राग आला! पार्किंगचे पैसे मी किल्ल्यासाठी भरले होते.

मनीषानं मग मला समजावून सांगितलं. नाना गावाचे पाटकरी होते. साक्री तालुक्यातलं, पांझरा नदीच्या काठचं त्यांचं गाव. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालचं शिवार फडांत वाटलेलं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि प्रत्येकाच्या शेताला पाळीनं पाणी. पाळी गाव ठरवणार, पाणी पाटकरी सोडणार. पाटकऱ्याला पगार म्हणून खळ्यावरचं धान्य. हे काम नानांच्या वडिलांनी केलं, आजोबांनी केलं. मग घरोघर बोअर झाल्या, मोटारी बसल्या, आणि पाळीची कुणाला गरजच उरली नाही. नानांना कुणी काढलं नाही. एका वर्षी कुणी बोलवायलाच आलं नाही, एवढंच. पाट गाळानं भरला, नंतर त्यावरून बैलगाडीचा रस्ता झाला.

"त्याबद्दल बोलत नाहीत ते," मनीषा म्हणाली. "तूही विचारू नकोस."

मी कशाला विचारतेय! पण पलीकडच्या घरातल्या ब्रीडाला हे कुणी सांगितलं नव्हतं. ब्रीडा सत्तरीची, निवृत्त, तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी. दरवर्षी मदेराला जाणारी. त्या वर्षीही जाऊन आली आणि येताना मनीषासाठी तिथलं कॅलेंडर घेऊन आली. फुलं, समुद्र, लाल कौलांची घरं. नाना चष्मा लावून पानं उलटत होते. जुलै महिन्यावर त्यांचा हात थांबला. डोंगराच्या कड्याला धरून एक अरुंद पायवाट, तिच्यावरून टोप्या घातलेले पर्यटक चाललेले.

"हा पाट कोनी काढला?" नानांनी विचारलं.

आम्ही तिघी त्या फोटोवर वाकलो. पर्यटकांच्या पायांशेजारून खरंच एक हातभर रुंदीचा पाट वाहत होता. मी तो पाहिलाच नव्हता. सहा वेळा त्या बेटावर गेलेल्या ब्रीडानं, तिच्याच म्हणण्याप्रमाणे, तोही पाहिला नव्हता आणि ती पायवाटही. "मला फक्त हॉटेलचा स्विमिंग पूल माहीत आहे," ती म्हणाली. "पूल एकदम ग्रँड आहे."

झालं! त्या दिवसापासून नाना पेटले. लिमरिकच्या लायब्ररीत मनीषाच्या कार्डावर त्यांनी जाडजूड पुस्तकं मागवली. इंग्रजी त्यांचं मॅट्रिकपर्यंतचं, पण सरकारी पाटबंधारे खात्याचे कागद आयुष्यभर वाचलेले, त्यामुळे पाण्याचं इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा जास्त यायचं. अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीची बारीक रेघ, आणि संध्याकाळी मी घरी आले की बेल.

"माय, बसलीस का? ऐक आता."

मी सॅंडल काढायच्या आत ते सुरू व्हायचे. बेटाच्या उत्तर अंगाला पाऊसच पाऊस, आणि शेती सगळी दक्षिणेला, उन्हात. मधे हे असे डोंगर! मग पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीपासून माणसांनी कडे फोडून, बोगदे पाडून पाणी इकडून तिकडे आणलं. सगळे पाट जोडले तर हजार किलोमीटरच्या वर जातील. आणि उतार? इथे नाना हात असा हळूच तिरका करायचे, जणू तळव्यावर पाणी आहे. "दिसत नाही एवढा. पण आहे. त्याशिवाय पानी चालतं का?"

एरवी मी ऑफिसातून आल्यावर कुणाशी धड बोलत नाही. पण नानांचं ऐकताना चहा निवायचा. त्या बेटावर कुणी राहतच नव्हतं, नुसतं जंगल होतं. मदेरा म्हणजे पोर्तुगीज भाषेत लाकूड. पोर्तुगीज आले, त्यांनी शेतीसाठी आग लावली, आणि ती म्हणे सात वर्षं धुमसत होती. "सात वर्सं काही नसेल, लोक वाढवून सांगतात," नाना म्हणायचे, "पन एखादं वर्स तर असेलच ना?" मुख्य शहर फुंशाल, त्याचं नाव बडीशेपेवरून. तिथे रानात बडीशेप माजली होती. तर आपण ते गाव 'बडीशेपवाडी' म्हणायला हरकत नाही, असं नानांनी जाहीर केलं आणि शेवटपर्यंत ते बडीशेपवाडीच म्हणत राहिले. शहराच्या चिन्हावर साखरेच्या पाच ढेपा आहेत, कारण एके काळी अख्खा युरोप तिथली साखर खायचा. शेजारच्या छोट्या बेटाचा कारभारी एका सशिणीला पिलांसकट घेऊन गेला, आणि सशांनी ते बेटच्या बेट खाऊन टाकलं. हाच कारभारी पुढे अमेरिकेला पोचलेल्या त्या प्रसिद्ध दर्यावर्दीचा सासरा झाला! "सासऱ्यानं ससे सोडले, जावयानं जहाजं," म्हणून नाना आपल्या जावयाकडे, सुधीरकडे बघून असे हसायचे की बिचारा सुधीर लॅपटॉपमागे तोंड लपवायचा.

ब्रीडाला त्यांनी वाइनची गोष्ट सांगितली. नाना पिणारे नव्हेत, पण गोष्ट रंगवून सांगावी तर त्यांनीच. तिथली वाइन जहाजाच्या तळात भरून हिंदुस्थानात निघायची. वाटेत ऊन, हेलकावे, महिनोन्महिने. न विकलेली पिंपं परत आली तर काय, वाइन आणखी चांगली झालेली! मग लोक मुद्दाम पिंपं फिरवून आणायला लागले. "आमच्याकडे येऊन सुधारून गेली तुमची दारू," नाना तिला म्हणाले. त्यांचं निम्मं इंग्रजी, निम्मी अहिराणी, आणि तिचं ते तोंडातल्या तोंडात गिळलेलं लिमरिकचं बोलणं. दोघांना एकमेकांचं किती कळायचं देव जाणे, पण कुंपणापाशी तासतासभर हशा चालायचा. आमच्या गल्लीत ब्रीडानंच सांगितलं असावं, कारण बेटावर जायच्या आधी लोक नानांना विचारायला येऊ लागले. एक जोडपं तर लॅन्झरोटीला चाललं होतं. "ते आपलं बेट नाही," म्हणून नानांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

एकाच पानावर मी त्यांना थांबलेलं पाहिलं. कड्यात पाट खोदताना माणसांना दोरानं वरून टोपलीत सोडत, ती लोंबकळत दगड फोडत. पुष्कळ जण गुलाम, कैदी. नानांनी ते पान दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "यांची नावं आहेत का कुठं पुस्तकात?" मी शोधलं. नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी पुस्तक तिथेच मिटलं.

पण त्यांना खरं जे हवं होतं ते कुठल्याच पुस्तकात नीट नव्हतं. एका ठिकाणी एक ओळ सापडली, की या पाटांवर पाणी सोडणारा माणूस असतो, तो शेतकऱ्यांना पाळीनं पाणी देतो. त्या ओळीखालची पेन्सिलीची रेघ इतकी दाबून मारली होती की मागच्या पानावर उमटली.

"असतो म्हनजे?" नाना मला म्हणाले. "होता, का आजून आहे? का आता नुसते टोपीवाले चालतात त्याच्यावरून?"

"मी काय सांगू नाना? तिथे जाऊनच बघावं लागेल."

मी आपलं बोलून गेले. मनीषानं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी नोव्हेंबरच्या सुट्टीची तिकिटं काढली. ती, नाना आणि मी. सुधीरला रजा नव्हती. नाना ऐकून सरळ खोलीत गेले आणि वहीच्या पानावर प्रश्न लिहायला बसले. पाळी किती दिवसांची? पाटाच्या तोंडाच्या शेताला आधी की टोकाच्या? चोरी झाली तर कोण निवाडा करतं? पाटकरी गावानं नेमलेला की सरकारनं? असे एकवीस. निघायच्या आदल्या आठवड्यात ते रोज सकाळी गल्लीला चार फेऱ्या मारायचे, पायांना सवय म्हणून.

सुधीरनं आम्हाला पहाटे डब्लिनच्या विमानतळावर सोडलं. नानांनी नवा स्वेटर घातला होता. काउंटरवरच्या बाईनं माझा पासपोर्ट बघितला, मनीषाचा बघितला. नानांचा घेतला आणि पानं उलटायला लागली. पुढून मागे, मागून पुढे.

"यांचा शेंगेन व्हिसा कुठे आहे?"

मी मनीषाकडे बघितलं, मनीषानं माझ्याकडे. अहो, आयर्लंडचा व्हिसा बाकीच्या युरोपात चालत नाही, पोर्तुगीज बेटाला वेगळा शेंगेन लागतो, हे आम्हाला माहीत नव्हतं? आम्हाला! वर्षानुवर्षं आम्ही दोघी त्या शेंगेनच्या तारखांसाठी मध्यरात्री गजर लावून बसलो होतो. ऑफिसातले सगळे वीकेंडला स्पेनला जाऊन यायचे आणि आम्ही बँकेची स्टेटमेंटं गोळा करत बसायचो. तेव्हा आम्ही म्हणायचो, या लोकांना कळतच नाही. आणि आयरिश पासपोर्ट हातात येऊन दोन वर्षं झाली नाहीत तर आम्हीही त्यांच्यातल्याच झालो. नानांचा पासपोर्ट निळा आहे, हे एकदाही आमच्या डोक्यात आलं नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नसेल.

मनीषा रडायलाच लागली. "मी नाही जात. नाना, चला घरी."

नाना त्या बाईकडे बघत होते. त्यांनी तिला शांतपणे विचारलं, "नो वॉटर फॉर मी?" ती गोंधळली, आणि तिला वाटलं त्यांना तहान लागली. तिनं स्वतःची बाटली पुढे केली. नानांनी ती घेतली, दोन घोट प्यायले, थँक्यू म्हणाले. मग लेकीकडे वळले आणि पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

"रडू नको. तू जाय. ही जाईल. दोघी जा. तो मानूस आहे का नाही, एवढं पाहून या. नसला तर तसं सांगा, लपवू नका. पन पाहिल्याबिगर येऊ नका."

प्रश्नांचा कागद त्यांनी माझ्या हातात कोंबला. मनीषानं फोन केला तेव्हा सुधीर अजून पार्किंगमधून बाहेर पडला नव्हता. तो धावत आला, नानांची बॅग त्यानं उचलली. काचेच्या दारातून सासरे-जावई पाठमोरे जाताना दिसले आणि मग आम्हीही रडलो, दोघी, सिक्युरिटीच्या रांगेत, पट्टा-बूट हातात घेऊन.

फुंशालला विमान उतरतं तो रनवे समुद्रात खांबांवर उभा आहे. हेही नानांनीच सांगितलं होतं, म्हणून मी डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले तर ऊन! नोव्हेंबरात असं स्वच्छ, कोवळं ऊन, उतरणीवर पायऱ्या पायऱ्यांनी केळी, आणि खाली निळं पाणी. पण आम्हाला कुठलं सुखानं बघवतंय! हॉटेलातल्या मुलीला विचारलं, पाणी सोडणारा माणूस कुठे भेटेल? तिनं पाटाच्या कडेनं चालण्याच्या सहलींची पत्रकं दिली. गाइडला विचारलं, तो म्हणाला, पाट सुंदर आहेत, फोटो काढा. दोन दिवस आम्ही पाटाकाठानं चाललो. टोपीवाले पुष्कळ भेटले, शेतकरी एक नाही. रात्री नानांचा फोन यायचा आणि मनीषा म्हणायची, "शोधतोय नाना." पलीकडून एवढंच यायचं, "बरं."

तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला मी वैतागून सगळी कहाणी सांगितली. आयर्लंड, व्हिसा, पाटकरी, सगळं. त्यानं गाडी बाजूला घेतली, मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "मॅन्युएल हवाय तुम्हाला. आधी सांगायचं ना!"

आता इथे मला थांबून एक सांगितलं पाहिजे. त्यानंतर तीन आठवड्यांनी नाना गावी गेले. मनीषानं मुंबईहून त्यांच्यासाठी शेंगेनचा अर्ज करायचं ठरवलं, आणि व्हिसासाठीच्या भेटीची तारीख मिळाली ती मार्चमधली. नाना फेब्रुवारीत गेले. झोपेत, काही त्रास न होता. मार्चची ती तारीख मनीषाला रद्द करवेना, ती आपोआप निघून गेली. मला अजूनही त्या काउंटरची आठवण आली की स्वतःचा राग येतो. पण नाना मला आठवतात ते विमानतळावरचे नाहीत. मला दिसतात ते त्या तिसऱ्या दिवशीचे.

मॅन्युएल डोंगराच्या कुशीत, केळीच्या वाफ्यांच्या वर, पाटाच्या भिंतीवर बसून पाव खात होता. साठीचा, रबरी गमबूट, शेजारी फावडं. मनीषानं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर लिमरिकचं किचन उमटलं. टेबलाशी नाना, मागे सुधीर, आणि कुणी बोलावलं होतं कुणास ठाऊक, ब्रीडाही. मी फोन मॅन्युएलच्या समोर धरला. नाना त्याच्या चेहऱ्याकडे बघेचनात. ते त्याच्या फावड्याकडे बघत होते.

"पाटकरी?" त्यांनी विचारलं.

टॅक्सीवाल्यानं भाषांतर केलं. मॅन्युएलनं मान हलवली आणि छातीवर हात ठेवला. मग एकवीस प्रश्न सुरू झाले. नाना मराठीत, मी इंग्रजीत, टॅक्सीवाला पोर्तुगीजमध्ये, आणि तेच उलट. दुसऱ्याच प्रश्नाला नाना पुढे सरकले.

"इचार त्याला. तोंडाच्या शेताला आधी, का टोकाच्या?"

मॅन्युएल हसायलाच लागला. त्यानं खाली, अगदी तळाच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. टॅक्सीवाला म्हणाला, "तो म्हणतोय, टोकाला त्याची सासू आहे. तिला आधी नाही दिलं तर त्यानं घरी कसं जायचं?"

आम्ही सगळे खो खो हसलो. नाना हसले नाहीत. "मंग बरोबर आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "टोकालाच आधी. आमचंबी तेच व्हतं."

सातव्या का आठव्या प्रश्नाला मॅन्युएलनं घड्याळ बघितलं आणि उठला. सासूच्या पाळीची वेळ झाली होती. मुख्य पाटाच्या भिंतीत एक लोखंडी पत्रा होता, फटींत चिंध्या कोंबून बसवलेल्या. "चिंधी नको त्याला म्हना," नाना तिकडून ओरडले, "चिखल लाव, चिखल!" मॅन्युएलनं पत्रा वर ओढला. बाजूचा पाट कोरडा होता, पानांनी भरलेला. मी फोन खाली धरून त्याच्यात वाकले. आधी काहीच नाही. मग वरून एक सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि पानांचा ढीग हलला. पाणी येत होतं. पानं पुढे लोटत, वळणावर जरा अडखळत, फेस काढत, थेट फोनच्या दिशेनं. मी मागे मागे चालत होते, फोन पाण्याच्या तोंडापुढे धरून, आणि पडद्यात नाना खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

"पानी उनं!" पाणी आलं, म्हणून ते ओरडले. त्या बारीक अंगातून असा आवाज निघेल हे मला खोटं वाटलं असतं. चार शेतं पलीकडे पोचेल असा आवाज. खालच्या वाफ्यातली म्हातारी दचकून वर बघायला लागली. "पानी उनं! पानी उनं!"

नानांनी दोन्ही हातांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर धरला होता. "सरका जावाईबापू!" ते मागे बघून खेकसले. "सरका, सरका सगळे!"

आणि लिमरिकच्या त्या कोरड्या ठणठणीत किचनमध्ये सुधीर आणि ब्रीडा, दोघंही, खरोखर दोन पावलं मागे सरकले.